जाम झालेले शिलाई मशीन कसे सोडवावे

(इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी)



शिलाई मशीन जाम झाले की आपल्याकडे बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते, "गंजलं, आता भंगारात घाला." पण जाम झालेले प्रत्येक मशीन गंजलेले नसते. दोरा आत गुरफटूनही ते अडते. घातलेले तेल वाळून त्याचा डिंक झाला तरी अडते. आणि खरोखरचा गंज चढला तरी अडते. घरात, पावसापासून दूर ठेवलेले मशीन असेल तर आधी दोरा आणि तेल यांचाच संशय घ्यावा. आमचे मशीन अकरा वर्षे ज्वारीच्या पोत्यांमागे पडून होते. ते आम्ही मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सोडवले. हाताने काम आईने व मी केले, आणि बाजेवर बसून सूचना आजीने केल्या.

घाई होती त्याला कारण होते. आईच्या बचत गटाला जूनपासून कापडी पिशव्या आणि परकर शिवायचे काम मिळणार होते, पण ज्या बाईकडे स्वतःचे मशीन असेल तिलाच. नवे मशीन स्टँडसकट घ्यायचे तर कर्ज काढावे लागले असते. भंगारवाला आमच्या जुन्या मशीनला किलोवर पैसे देत होता. स्टँडसुद्धा धरून तो जेवढे देणार होता तेवढ्यात नव्या मशीनचे नुसते चाक आले असते. आजी म्हणाली, "म्हईनाभर थांबा. मग द्या त्याला."

आता थोडे मशीनविषयी. ते सिंगरचे आहे. काळे डोके, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली बिडाचे जाळीदार स्टँड. आजीच्या आईने ते सोलापुरात जुनेच विकत घेतले होते आणि आजीला लग्नात दिले. डोक्याच्या उजव्या अंगाला, खालच्या सपाट भागावर एक नंबर ठोकलेला आहे व त्याची सुरुवात इंग्रजी वाय अक्षराने होते. गुरुजींनी मोबाईलवर शोधून सांगितले की वाय अक्षराचे नंबर स्कॉटलंडमधील क्लाईडबँक गावच्या कारखान्याला दिलेले होते. म्हणजे आमचे मशीन १९२० नंतरचे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे आहे. तो प्रचंड कारखाना १९८० साली बंद पडला. पण तिथल्या रेल्वे स्टेशनचे नाव अजूनही 'सिंगर' असेच आहे! गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. महात्मा गांधी यंत्रांच्या बाबतीत फार सावध असत, तरीही १९२४ साली दिल्लीतील एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानले होते. ही गोष्ट मी आजीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मग? उगंच का सांभाळलंय!"

मशीन सोडवायचे तर आधी ते चालते कसे हे ठाऊक पाहिजे. चाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका. त्या एका फेऱ्यात चार कामे होतात. सुई खाली जाऊन वर येते. समोरचा दांडा वरखाली होऊन दोरा सैल सोडतो आणि पुन्हा ओढून घेतो. खाली शटल अर्धे वळून सुईच्या दोऱ्याचा फासा पकडते आणि तो बॉबीनच्या भोवतीने नेते, म्हणून वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात. आणि पट्टीतून वर आलेले दाते कापड पुढे सरकवतात. ही चारही कामे एकाच आडव्या दांड्यावरून चालतात. तो दांडा मशीनच्या हातातून, म्हणजे वरच्या आडव्या भागातून, चाकापर्यंत गेलेला असतो.

यातून एक मुद्द्याची गोष्ट निघते. सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एक सांधा जरी चिकटला तरी सगळे मशीन ठप्प होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, आख्खे मशीन गेले. खरे तर वीसपैकी अठरा सांधे ठीक असू शकतात. म्हणून जोर लावायचा नाही, चिकटलेला सांधा हुडकायचा.

शेजारचे एक काका मदत करायला मोठा पाना घेऊन आले होते. आजीने त्यांना चहा दिला आणि पाना बाजेखाली ठेवला. त्याचे कारण मी तिला नंतर विचारले. बीड वाकत नाही, तुटते. लांब पान्याने चाक फिरवले तर हाताच्या दहापट जोर आत जातो आणि तो नेमका सगळ्यांत बारीक पिनेवर नाहीतर स्क्रूवर येतो. जुन्या सिंगरच्या स्क्रूचे आटे बाजारातल्या साध्या स्क्रूंना जुळत नाहीत, त्यामुळे एक स्क्रू तुटला तरी तालुक्याला हेलपाटे. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा खाचेत घट्ट बसेल असाच घ्यावा. तो सैल असला की खाच सोलवटते आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही.

सुरुवातीला आम्ही सुई काढली, पाय काढला, दोरा काढला. मग चाकाची परीक्षा घेतली. चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते. बॉबीन भरताना आपण ती सैल करतो, म्हणजे चाक एकटेच फिरते आणि सुई थांबून राहते. ती सैल करून चाक फिरवून बघावे. फिरले नाही तर चाकच आपल्या दांड्यावर चिकटले आहे असे समजावे. फिरले तर अडचण आत आहे. आमचे चाक जड का होईना, पण फिरले. चकती पुन्हा आवळली की जागचे हलेना. म्हणजे दुखणे आत होते.

त्यानंतर सरकती पट्टी उघडून बॉबीनची डबी व शटल बाहेर काढले. शटलच्या मागे लाल दोऱ्याचा गुंता निघाला. दात्यांवरची पट्टी काढली तर खाली गोधड्या शिवतानाचा कापूस आणि धूळ घोंगडीसारखी घट्ट दाबून बसली होती. ती मी दाभणाने उकरली. चिमटीत मावणार नाही इतकी होती. माझी खात्री होती की आता चालणार. चालले नाही.

मग डोके मागे कलते केले. त्याला बिजागऱ्या असतात, पण पाठीमागे टेकू ठेवावा, कारण एवढे वजनाचे डोके निसटले तर बोटे चेपतील. खालचा एकेक सांधा बोटाने दाबून पाहिला. चांगला सांधा बोटाखाली केसभर तरी खुळखुळतो. चिकटलेला सांधा दगडासारखा लागतो. आम्हाला असे दगड पाच सापडले. दोन खाली, एक दात्यांच्या दांड्यावर, एक समोरच्या झाकणाआड सुईच्या दांड्याला आणि एक हातात मागच्या बाजूला. मी प्रत्येकाला खडूने खूण केली.

या सांध्यांवर तपकिरी थर होता. तो गंज नव्हता. कसे ओळखायचे? आगपेटीच्या काडीने खरवडले की गंजाची लाल भुकटी पडते. हा थर चकचकीत होता, नखाने दाबला तर नखाची खूण उमटायची आणि थोडा सुटला तो गुळाच्या आटलेल्या पाकासारखा. आईने वास घेतला आणि आजीला विचारले, "आत्या, ह्यात कुठलं तेल घालत होता?" आजी म्हणाली, "घरात असंल ते. करडीचं."

इथेच सगळे कोडे सुटले. आमच्या भागात करडई पिकते, घाण्याचे करडीचे तेल घरोघर असते. खायला ते उत्तम. पण ते हवेत पातळ पसरून राहिले तर हवेतला प्राणवायू ओढून घेते, त्याचे कण एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचा चिकट पापुद्रा तयार होतो. जवसाच्या तेलात हा गुण करडीपेक्षाही जास्त असतो. म्हणून तर जवसाचे तेल पूर्वीपासून रंगात घालतात. रंग वाळावा अशी रंगाऱ्याची इच्छा असते. मशीनमधले तेल वाळू नये अशी आपली असते! मशीन रोज चालत होते तोवर नवे तेल जुन्याला धुऊन काढत होते. आजीच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यावर मशीन थांबले, आणि सांध्यांत राहिलेले तेल अकरा वर्षे सावकाश वाळत राहिले. स्कॉटलंडच्या कारागिरांनी करडीचे तेल काही पाहिले नसेल.

खोबरेल चालते का, असे पुष्कळ जण विचारतात, कारण ते मशीनला घालणारी घरे फार आहेत. खोबरेल करडीसारखे वाळत नाही. पण साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठते, म्हणून थंडीत सकाळी मशीन जड चालते. शिवाय काही काळाने ते खवट होते आणि धूळ धरते. तेव्हा तेही नको.

आता सोडवण्याचे काम. वाळलेले तेल विरघळायला आम्ही रॉकेल वापरले. कंदिलासाठी ठेवलेली एक बाटली घरात होती. रॉकेल न मिळाल्यास मोटारसायकलचे मिस्त्री भाग धुवायला डिझेल घेतात, तेही चालते, फक्त वास चार दिवस जात नाही. पेट्रोल कधीच वापरू नये. ते फार लवकर भडकते. हे काम अंगणात करावे, चुलीपासून आणि विडीपासून लांब, आणि मुलांनी मोठ्यांना बरोबर घेऊनच करावे. काळ्या रंगावर आणि सोनेरी नक्षीवर स्पिरिट लावू नये. त्या नक्षीवर लाखेचा, म्हणजे चपड्याचा, पातळ हात दिलेला असतो आणि स्पिरिटने तो विरघळतो. नक्षीवर रॉकेल सांडले तर लगेच कोरड्या फडक्याने टिपावे.

मी औषधाच्या ड्रॉपरने खुणेच्या पाचही सांध्यांवर दोन-दोन थेंब सोडले. हातावरच्या तेलाच्या भोकांतूनही सोडले. ओतून उपयोग नसतो, ओतलेले खाली वाहून जाते. थेंब सांध्याच्या फटीवर थांबून आत झिरपला पाहिजे. सकाळी, दुपारी व संध्याकाळी अशी तीन वेळा, औषधासारखी मात्रा चालू ठेवली. मधल्या वेळात डोके अंगणात उन्हात ठेवले. सोलापूरकडचे एप्रिलचे ऊन तुम्हाला माहीत आहे. काळे बीड असे तापते की हात लावू देत नाही. उष्णतेने डिंक मऊ होतो आणि रॉकेल आत शिरते. त्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला. थंड गावी राहणाऱ्यांना केस वाळवायचे यंत्र लावावे लागेल, पण ते रॉकेल लावण्याआधी, पुसून कोरडे केलेल्या लोखंडावर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाक हलवून पाहिले. काही नाही. आजी म्हणाली, "ढकलू नगंस. नुसतं हलीव. पुढं मागं, पुढं मागं, दळताना जातं अडल्यावर करतो तसं." मी दोन्ही हातांनी चाक धरून तसेच हलवत बसले. त्यात जोर नव्हता, नुसता चाळा होता. पुढे ढकलून ते फिरवायचेच नसते. पुढे-मागे हलवल्याने सांध्यात फट पडते व त्या फटीत रॉकेल शिरते. शंभरेक वेळा हलवल्यावर मला भास झाला की चाक सरकले. आईने चाकावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली, म्हणजे भास की खरे ते कळेल. रात्रीपर्यंत ती रेघ तांदळाच्या दाण्याएवढी फुटली होती.

तिसऱ्या दिवशी दाण्याची बोटभर झाली. सांध्यांतून चहाच्या रंगाचा रस बाहेर येऊ लागला. तो लगेच पुसावा लागतो, नाहीतर रॉकेल उडून गेल्यावर तो पुन्हा तिथेच वाळतो. चौथ्या दिवशी दुपारी पाव फेरा, आणि तिथे अडले. पुन्हा सांधे चाचपले. चार सुटले होते, सुईचा दांडा तेवढा धरून बसला होता. समोरचे झाकण काढून दांड्याच्या वरच्या व खालच्या टोकाशी रॉकेल सोडले, गरम फडक्याने तो भाग शेकला आणि पुन्हा तो चाळा सुरू केला. पाचव्या दिवशी सकाळी दात घासता घासता आईने सहज चाकाला हात लावला आणि चाक पूर्ण फिरले. ती तोंडात मिसरी तशीच ठेवून मला हाका मारत आली.

इथे पुष्कळ लोक थांबतात, पण थांबू नये. रॉकेल हे वंगण नव्हे. ते घाण धुते आणि उडून जाते. त्यावर मशीन चालवले तर लोखंडावर लोखंड कोरडे घासते व झिजते. म्हणून मशीनचेच पातळ, पांढरे तेल आणून प्रत्येक सांध्याला घालावे, चाक हाताने शंभर फेरे फिरवावे, काळे पडलेले तेल पुसून पुन्हा घालावे. आम्ही हे चार वेळा केले. चौथ्या वेळी तेल जसे घातले तसेच स्वच्छ बाहेर आले. घाणेरड्या चिंध्या चुलीत न घालता लांब, उघड्यावर पसरून वाळवल्या.

तेल कुठे कुठे घालायचे? नियम सोपा आहे. चाक हळू फिरवावे, बघावे, आणि जिथे लोखंडावर लोखंड घासते तिथे एक थेंब. शटल फिरते त्या कड्यावर एक थेंब हमखास हवा, तिथेच आवाज होतो. स्टँडच्या पायडलचे दोन्ही टोकांचे सांधे, पायडलपासून मोठ्या चाकाकडे जाणारा दांडा आणि मोठ्या चाकाचा मध्य, हे लोक विसरतात आणि मग पाय दुखतात म्हणून तक्रार करतात. आमच्या मशीनच्या जागा मी मोजल्या, स्टँड धरून एकतीस भरल्या. दोन ठिकाणी मात्र तेल लागू देऊ नये. एक म्हणजे चामड्याची वादी. तेलकट वादी चाकावरून घसरते. दुसरे म्हणजे दोरा दाबणाऱ्या टेन्शनच्या चकत्या. ग्रीस तर सांध्यांत भरूच नये, ते पातळ फटीत जात नाही आणि धूळ मात्र गोळा करते.

वादी ताणून लांबली होती. ती बोटभर कापून पुन्हा तार घातली. बॉबीन भरायच्या चाकाचे रबर कडक झाले होते, ते बाजारात मिळाले. शटलच्या टोकावर गंजाचा ठिपका होता. मला वाटले पॉलिश पेपरने घासावे, पण आईने घासू दिले नाही आणि ते बरोबर होते. ते टोक सुईला चाटून दोऱ्याचा फासा पकडते. ते घासून बोथट झाले किंवा त्याचा आकार बिघडला तर टाके सुटतात. शटल तालुक्याहून नवे आणले. एवढ्या जुन्या मशीनलाही ते बसले याचे मला आश्चर्य वाटले, पण गोल बॉबीनच्या या जातीच्या पुष्कळ मशिनी पुढे आपल्या देशातही तयार झाल्या, म्हणून भाग मिळतात. लांब होडीसारखे शटल असलेल्या त्याहून जुन्या मशिनींना भाग मिळणे कठीण जाते.

प्रथम दोरा न ओवता वहीचा कागद शिवून पाहिला. भोके एका रेषेत व सारख्या अंतरावर पडली म्हणजे सुई आणि दाते ठीक. मग जुन्या धोतराची चिंधी, मग पिशवीचे जाड कापड. पहिले आठ दिवस शिवण्याआधी सुईखाली चिंधी धरून काळे थेंब टिपून घ्यावे लागले, नाहीतर कापडावर डाग पडतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईने गटाच्या पहिल्या पंचवीस पिशव्या शिवून दिल्या. भंगारवाला नंतर एकदा येऊन गेला. आजीने त्याला फाटलेली बादली दिली.

करडीच्या तेलाची गोष्ट आमच्या वर्गात काही जणांना खरी वाटेना. म्हणून दिवाळीनंतर मी तीन डब्यांची स्टीलची झाकणे घेतली. एकावर करडीचे, दुसऱ्यावर खोबरेल आणि तिसऱ्यावर मशीनचे तेल बोटाने पातळ पसरले, धूळ बसू नये म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि खिडकीत ठेवले. डिसेंबरच्या थंडीत सकाळी खोबरेल पांढरे झालेले सगळ्यांनी पाहिले, दुपारी ते पुन्हा पातळ होई. करडीचे हळूहळू चिकट झाले आणि आता बोट लावले की बोटाचा ठसा राहतो. मशीनचे तेल जसे लावले तसेच आहे.

ती तिन्ही झाकणे या भित्तिपत्रकाच्या खालच्या खिडकीत मांडली आहेत. पालकांनी व मुलांनी बोट लावून बघावे. कडेला लावावे, मधे नको, आणि पुसू नये, कारण मार्चपर्यंत करडीचे पूर्ण वाळते का ते मला बघायचे आहे. हात पुसायला शेजारी फडके टांगले आहे.